पारा कशाने उतरला

सोयाबीन बडवता बडवता धोंडीरामाचा घोळणा फुटला. आधी त्याला वाटले घामच आहे. मनगटाने नाक पुसून त्याने पुन्हा काठी उचलली. काठी खाली आली, शेंगा तडकल्या, पिवळे दाणे खळ्यावर चौफेर उडाले आणि त्या दाण्यांवर तीन-चार लाल ठिपके पडलेले त्याच्या लेकीने, विजयमालाने पाहिले.

"अण्णा, थांबा. रगात यायलंय."

"कुणाचं?" म्हणून धोंडीराम इकडेतिकडे बघू लागला.

बजाबाईने हातातले सूप टाकले. नवऱ्याला लिंबाखाली बसवून तिने त्याच्या टाळूवर पाणी थापले, बुक्कीने कांदा फोडून नाकाशी धरला. रक्त थांबेना. बंडीवर ओघळ उतरले. बांधावरून मेंढरे घेऊन चाललेला मायाप्पा धनगर थांबला आणि काठीवर हनुवटी टेकून बघू लागला.

"धोंडीबा, मी तवाच म्हनलं व्हतं. ह्या इलायती बियाचा वास डोस्क्यात जातोय. आमची मेंढरंबी हुंगून म्होरं जात्यात."

"मेंढरांस्नी काय अक्कल," नाक दाबूनच धोंडीराम म्हणाला. "त्यांचा मालक बघ की."

मायाप्पा हसला. पण मग खाली उतरला, धोंडीरामाच्या मागे बसला आणि त्याचे डोके आपल्या गुडघ्यावर घेऊन रक्त थांबेपर्यंत तसाच बसून राहिला.

जेठात ग्रामसेवक मानसिंग चावडीवर आला होता. सोयाबीन नावाचे नवे पीक आहे, बी फुकट मिळेल, कोण पेरतो, असे त्याने विचारले. सगळे एकमेकांची तोंडे बघत राहिले. धोंडीराम एकटा हो म्हणाला. दर साली बाजरी पेरल्या जाणाऱ्या दोन एकरांत त्याने सोयाबीन घातले. रस्त्याच्या कडेला 'सोयाबीन' लिहिलेली पत्र्याची सरकारी पाटी लागली. तेव्हापासून गाव त्याला "पाटीवाला" म्हणू लागले. धोंडीराम वरवर हसायचा. पण पाटीवर चिखल उडालेला दिसला की पटक्याच्या शेवाने पुसून घ्यायचा, हे विजयमालाने शाळेच्या खिडकीतून दोनदा पाहिले होते. ती गावच्याच शाळेत शिक्षिका होती. नवरा रामहरी कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होता. नोकरीपायी ती माहेरी राहायची आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की कुर्डुवाडीची एसटी धरायची.

बाजारच्या दिवशी दोन पोती गाडीत घालून तिघे वैरागला गेली. गुरुबसप्पा अडत्याने पोत्यात हात खुपसला, ओंजळ वर काढली, उन्हाला धरली.

"हे काय रे धोंडीबा? वाटाणा म्हणावं तर बारीक, हरभरा म्हणावं तर गोरा."

"सोयाबीन हाय. सरकारी बी हाय."

गुरुबसप्पाने एक दाणा दाढेखाली धरला आणि लगेच थुंकला. मग त्याने हमालांना हाक मारली. "या की रे, सरकारी खाऊन बघा." एकेक हमाल पुढे आला, दाणा तोंडात टाकून थुंकला, तोंड वाकडे करून बाजूला झाला. पाचवा तर दाणा न खाताच थुंकला आणि सगळे हसले. धोंडीराम पोत्याच्या तोंडाशी उभा होता. तो पोत्याची शिवण बोटाने चाचपत राहिला.

"तेलाचा गिरणीवाला घेत न्हाय, डाळीचा घेत न्हाय," गुरुबसप्पा जरा मऊ आवाजात म्हणाला. "मी घेऊन करू काय सांग. पोती उचल बाबा, मागं गाड्या थांबल्यात."

पोती परत गाडीत चढवायला हमाल कोणी आला नाही. धोंडीराम आणि विजयमालाने ती चढवली. दुसरे पोते चढवताना त्याच्या कपाळावरची शीर दोरीसारखी फुगलेली तिला दिसली. नाकाखाली पुन्हा लाल रेघ उमटली. तिने बैल तसेच डॉक्टरांच्या दाराशी नेले.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला. लाकडी पेटीच्या झाकणातल्या काचेच्या नळीत पारा सरसर चढला. डॉक्टरांनी एकदा मोजले, पट्टा सैल केला, पुन्हा मोजले.

"दोनशे दहा आणि एकशे वीस."

"म्हंजे किती आणे झालं?" धोंडीरामाने विचारले.

"लवकर आलात म्हणा. एखादी शीर फुटली असती नाकाऐवजी डोक्यात, तर लकवा झाला असता." डॉक्टर विजयमालाकडे वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, नीट ऐका. मीठ बंद. जड काम बंद. ही बारीक गोळी रोज सकाळी एक, चुकवायची नाही. महिन्याने परत आणा."

विजयमालाला मानसिंगने दिलेले पत्रक आठवले. त्यात लिहिले होते की सोयाबीनने शरीर बळकट होते आणि रक्त सुधारते. तिने ते विचारले.

"खायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "डाळीसारखंच आहे. पण रक्तदाबाला उपयोग होतो की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या पुस्तकात तसं काही नाही. उगाच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही."

परतताना गाडीत धोंडीराम पोत्यांना टेकून बसला. गावची वेस दिसल्यावर म्हणाला, "डागदर न्हाई म्हनला न्हाई, विजे. ध्येनात ठेव."

विकली न गेलेली पोती सोप्यात भिंतीला लागली आणि सोयाबीन घरात शिजू लागले. बजाबाईने पहिल्या दिवशी उसळ केली. दुपारभर चूल धडधडली तरी दाणा बोटाने दबेना. शिजताना असा वास सुटला की शेजारणीने कुडावरून डोकावून विचारले, "बजाबाय, काय जळालं व्हय?" दळून भाकरीत घातले, तर भाकरी तव्यावर टाकता टाकता चिरायची. धोंडीरामाचे ताट वेगळे असायचे. बिनमिठाचे कालवण, बिनमिठाची भाकरी, बिनमिठाची सोयाबीनची उसळ. तो घास घ्यायचा आणि चावत बसायचा. गिळायची वेळ आली की डोळे मिटायचा.

"चुना चाटल्यागत लागतंय," तो म्हणायचा. मग सोप्यातल्या पोत्यांकडे बघायचा आणि वाटी पुरी करायचा.

शाळेला जाताना विजयमाला गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची. शेतात तेव्हा काम नव्हते. ज्वारी गुडघ्याला लागली होती, खुरपणी झाली होती. धोंडीराम लिंबाखाली दोऱ्या वळत बसायचा.

महिन्याने पारा एकशे साठावर थांबला. खालचा आकडा शहाण्णव. डॉक्टरांनी दोनदा मोजले.

"छान. मीठ सोडलं?"

"सोडलं."

"गोळ्या? आराम?"

"ते बी."

"आन वाटीभर सोयाबीन रोज," धोंडीराम मध्येच म्हणाला. "वाटीभर, डागदरसाहेब."

"मग उतरलं कशानं?" विजयमालाने विचारले. वर्गात एखादे गणित पोरे दोन रीतींनी सोडवत आणि उत्तर एकच येई, तेव्हा ती फळ्यावर दोन्ही रीती मांडून दाखवायची. इथे चार रीती होत्या आणि मांडायला फळा नव्हता.

डॉक्टर हसले. "सगळ्यानं मिळून उतरलं असेल. कशानं किती, ते वेगळं काढता येत नाही बाई. चालू ठेवा."

धोंडीरामाने मात्र वेगळे काढले. गावात शिरता शिरता त्याने गाडी चावडीपुढे उभी केली आणि उतरायच्या आधीच सांगून टाकले. "दोनशे धा व्हतं, एकशे साठ झालं. सोयाबीननं! डागदरानं यंत्र लावून बघितलं, दोनदा!" दुसऱ्या दिवसापासून माणसे येऊ लागली. कोणाची कंबर दुखत होती, कोणाला चक्कर येत होती, कोणाच्या सासूला दम होता. धोंडीराम पोत्यातून चिपट्याचे माप भरून द्यायचा. मोबदला घ्यायचा नाही. "खा आन सांग मला," म्हणायचा. पाटीवाला हे नाव तेच राहिले, पण आता लोक ते वेगळ्या आवाजात घेऊ लागले. त्याची मान ताठ झाली. त्याचा चेहराही विजयमालाला खरेच बरा दिसू लागला. तो सोयाबीनमुळे बरा दिसतो की लोक येतात म्हणून, हे तिला कळेना. बरा दिसतो आहे, तेवढे पुरे, असे तिने मनाला सांगितले.

पण उसळ आता त्याच्या घशाखाली उतरेना. पौष लागला तशी वाटी अर्धी राहू लागली. शाळेत मधल्या सुट्टीत पोरे खारे शेंगदाणे खात होती, ते बघताना विजयमालाला सुचले. तिने दाणे भिजत घातले, फडक्यावर निथळवले, चुलीवर लोखंडी कढई ठेवली. शेंगदाणे वाळूत भाजतात. पण अण्णांचे दात हलत होते. वाळूची कच नको म्हणून तिने मडक्यातले मीठ कढईत ओतले. मीठ तापून तडतडू लागल्यावर ओले दाणे त्यात टाकले, झाऱ्याने वरखाली केले आणि चाळणीने चाळून घेतले. खाली उरलेले मीठ गार झाल्यावर परत मडक्यात भरले. दाणे कुरकुरीत झाले. वास गेला. वरून किंचित पांढरे दिसत होते.

धोंडीरामाने मूठभर खाल्ले आणि पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून गिळले. "आगं, ह्ये तर ग्वाड लागतंय! आधी का न्हाई केलंस?"

बजाबाई म्हणाली, "भाजायचं मीठ परत भरलंस न्हवं? टाकू नगंस. पुन्यांदा चालतंय."

मीठ धोंडीरामाच्या ताटात नव्हते. कालवणात नव्हते, भाकरीत नव्हते. कढईतले मीठ म्हणजे चुलीतले जळण, झारा, चाळणी, त्यातलेच एक काही. भाजायला लागायचे, भाजून झाले की बाजूला व्हायचे.

धोंडीराम बंडीच्या दोन्ही खिशांत दाणे भरून हिंडू लागला. एक खिसा आपला, एक लोकांचा.

पौष संपता संपता तिघे वैरागला गेली, तेव्हा पारा एकशे ऐंशीवर गेला.

"मीठ?" डॉक्टरांनी विचारले.

"न्हाई," तिघे एकदम म्हणाली.

"गोळी?"

"रोज," धोंडीराम म्हणाला आणि छतातल्या पंख्याकडे बघू लागला.

डॉक्टरांनी रोज दोन गोळ्या लिहून दिल्या. गाडीत विजयमाला आकडे जुळवत बसली. उसळ होती तेव्हा रोज वाटीभर पोटात जात होती. आता मूठ-दोन मुठी. म्हणजे खाणे कमी झाले, तसा पारा वर गेला. दुसरे काय बदलले होते? तिला काही दिसेना. त्या आठवड्यापासून ती दुप्पट दाणे भाजू लागली. सकाळी मुठी मोजून खिशात भरायची. "पाच मुठी संपल्याच पायजेत," म्हणायची. धोंडीराम शाळेतल्या पोरासारखा "व्हय बाई" म्हणायचा. संपवायचाही. मग हंडाभर पाणी प्यायचा.

माघात ज्वारी काढणीला आली. मजूर मिळेनात, सगळ्यांचीच राने एकदम पिकली होती. चार दिवस बजाबाई आणि विजयमाला सकाळी शाळेआधी नि संध्याकाळी शाळेनंतर दोन दोन पाती धरत होत्या. मालदांडी ज्वारीची ताटे कंबरेच्या वर, मुळे भुईत घट्ट. दोन्ही हातांनी ताट धरायचे, पाय रोवायचे, मागे झुकून उपटायचे, मुळाची माती पायावर आपटायची, आडवे टाकायचे. तळहाताची कातडी दुसऱ्या दिवशीच सोलली. धोंडीराम बांधावर बसून बघत होता. पाचव्या दिवशी रविवार होता. विजयमाला कुर्डुवाडीला गेली नव्हती. तो उठला आणि तिच्या शेजारची पात धरून उभा राहिला.

"अण्णा, बसा बघू."

"पोरीबाळी काढत्यात आन मी बसू? एकशे साठ झाल्यावर मानूस धडधाकट असतंय."

"एकशे ऐंशी झालंय."

"त्ये तुमचं यंत्र. मला कळतंय की माजं."

तो तिच्या पुढे गेला. तीस वर्षे ज्वारी काढलेले हात होते ते. ताट उपटताना आवाजसुद्धा वेगळा यायचा. बजाबाई नको म्हणत होती, पण तिच्या तोंडावर कौतुकही होते. विजयमालाने पाहिले आणि तीही हसली. दोन पाती त्याने अशाच काढल्या. तिसऱ्या पातीच्या मध्यावर त्याने एक ताट धरले आणि ते उपटलेच नाही. नुसते धरून उभा राहिला. मग उजवा हात ताटावरून घसरला. तोंडाची एक बाजू खाली आली. त्याला काही सांगायचे होते. आवाज निघत होता, शब्द होत नव्हता.

बांधावरून धावत आलेल्या मायाप्पाने आणि तिने त्याला गाडीत घातले. वैरागच्या रस्त्याला दर चाकोरीला त्याचे डोके तिच्या मांडीवर हलायचे. डॉक्टरांनी पट्टा लावला. या वेळी त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला नाही, नळी तिच्याकडे वळवली. पारा वरच्या टोकापासून दोन बोटे खाली होता.

चौथ्या दिवशी सकाळी, ऊन घरच्या ओसरीवर आले तेव्हा धोंडीराम गेला.

दहाव्याला कपडे द्यायचे म्हणून बजाबाईने त्याचे सामान काढले. चंची उघडली. एका कप्प्यात सुपारी, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी. चौथ्या कप्प्यात पांढऱ्या बारीक गोळ्या होत्या. काही अख्ख्या, काहींचा भुगा झालेला. बजाबाईने चंची लेकीपुढे धरली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही.

"दानं खातोय, मग गोळी कशाला, म्हनलं आसंल मनात," बजाबाई म्हणाली.

विजयमालाला वाटले, म्हणजे हेच. गोळ्या थांबल्या म्हणून. दोन दिवस तिला तेवढ्याने झोप लागली. तिसऱ्या दिवशी सुतक फिटल्यावर घरात पहिल्यांदा नीट स्वयंपाक झाला. आमटीला मीठ घालायला तिने मडक्यात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा बोटांना मीठ लागले.

ते मडके दिवाळीत तिनेच काठोकाठ भरले होते. त्यानंतर घरात मीठ कोण खात होते? मूठभर त्या दोघींच्या ताटात वेगळे घेतलेले. बाकी भाजायचे आणि परत भरायचे. ती चुलीपुढे बसून राहिली. ओला दाणा. तापलेले मीठ. वरून किंचित पांढरे. पाच मुठी संपल्याच पायजेत.

"आये, मीठ कुटं गेलं?"

बजाबाईने मडक्यात डोकावले. "म्हशीला घालते की मी, पेंडीत. मूठभर. येक दिसाआड." थोडे थांबून म्हणाली, "आन कढईला बी चिकटतंय. काळं झाल्यालं टाकून देती मी."

"एवढं?"

"मला काय ठावं. मी का मोजून घालते?"

विजयमालाने मनातल्या मनात म्हैस वजा केली, काळे झालेले वजा केले, आपल्या दोघींचे वजा केले. काय उरते ते नक्की होईना. कधी फार उरायचे, कधी काहीच उरायचे नाही. ज्वारीची तिसरी पात होती. चंचीतल्या गोळ्या होत्या. आणि आधीच्या महिन्यात उतरलेला पारा होता, तो कशाने उतरला ते तर डॉक्टरांनाही माहीत नव्हते. कदाचित सोयाबीननेच उतरला असेल. मग अण्णा म्हणत होते ते खरे होते, आणि तिने त्याच खऱ्यावर मीठ चढवून ते त्यांना चारले होते. हा विचार तिथवर आला की ती उठून काहीतरी काम काढायची.

शिमग्याच्या आधी एका सकाळी मायाप्पा आला. ओसरीच्या पायरीवर बसला, धोतराचा सोगा सोडून गुडघ्यावर पसरला.

"मास्तरीणबाय, चिपटंभर द्या की त्ये दानं. आमच्या बाळाबायला डागदरनं परेशर सांगितलंय. धोंडीबासारकंच. दोनशावर हाय."

बजाबाई आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात भाजलेले दाणे अजून तसेच होते. "भाजल्यालंच घेऊन जा, दादा. रांधायची कटकट न्हाई. त्येंनी ह्येच खाल्लं."

"व्हय, धोंडीबा मला म्हनला व्हता," मायाप्पा म्हणाला. "ज्वारीच्या आधी. म्हनला, तुजं मानूस कवा आजारी पडलं तर गोळ्याबिळ्या बंद कर, ह्ये घाल. मी तेच केलंय. गोळ्या आनल्यात, पन दिल्या न्हाईत. म्हनलं आधी हिकडं जाऊन येऊ."

विजयमाला उठली. आईच्या हातातला डबा तिने काढून घेतला.

"हे न्हाई द्यायचं."

"का गं?" बजाबाई म्हणाली.

"हे मी मिठात भाजलंय. अण्णांना मी पाच मुठी रोज चारल्या. डॉक्टर मीठ बंद म्हणाले होते आणि मी मीठ चारलं. आणि गोळ्या ते खातच नव्हते. चंचीत होत्या. मी हातावर ठेवून शाळेला जायची. बघितलं न्हाई कधी."

तिने पहिल्यांदाच हे तोंडाने म्हटले होते. मायाप्पा तिच्याकडे बघत होता, मग त्याने बजाबाईकडे पाहिले.

"मिठात भाज म्हनून मीच सांगितलं व्हतं," बजाबाई म्हणाली.

"न्हाई, आये."

"मीच सांगितलं. वाळूची कच लागंल म्हनून."

विजयमालाला आठवेना. वाळूची कच हा शब्द कोणाच्या तोंडातला होता? इतके दिवस तिला खात्री होती की तो आपल्या मनातला होता. आता आईच्या तोंडून ऐकल्यावर तो आईच्याच आवाजात ऐकू येऊ लागला.

मायाप्पा सोगा तसाच पसरून बसला होता. "मग धोंडीबा खोटं बोलला व्हय, पोरी? चावडीवर? समद्या गावाला?"

"न्हाई. त्यांना बरं वाटत होतं. ते खरंच होतं."

"आन त्यो पारा उतरल्याला?"

"तो बी खरा. कशानं उतरला ते ठावं न्हाई, तात्या. डॉक्टरांनाबी न्हाई. सोयाबीननं उतरला असंल. नसंलबी."

"मग मी काय करू? देतीस का न्हाईस?"

तिने सोप्यातल्या पोत्यातून चिपटे भरून कच्चे दाणे त्याच्या सोग्यात ओतले. "हे उकडून घाला. मीठ न घालता. डाळ खाल्ल्यासारखं खाऊ दे. औषध म्हणून न्हाई. गोळी मात्र रोज."

मायाप्पाने सोग्याची गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. "मला ह्ये सांगता येनार न्हाई," तो म्हणाला. "मी घरला जास्तोवर ह्येचं उलटं हुतंय. तू चल."

बजाबाईने भाजलेल्या दाण्यांचा डबा पुन्हा उचलला. ती डबा घेऊन तशीच दारात उभी राहिली. विजयमालाने चपला घातल्या. शाळेला अजून घटकाभर अवकाश होता.

मायाप्पाच्या दारात त्याची बायको बाळाबाई घोंगड्यावर उन्हात बसली होती. अंगाने थोराड, चेहरा लालसर. विजयमालाला बघून तिने पदर सावरला. "ये गं पोरी. आनलं का दानं? धोंडीबाचं?" असे म्हणून तिने नवऱ्याच्या सोग्यातल्या गाठीकडे हात केला.

"काकू, आधी गोळ्या कुठं हायत त्या दाखवा."

बाळाबाईने नवऱ्याकडे पाहिले. मायाप्पाने मेंढवाड्याकडे तोंड फिरवले. मग तिने कनवटीतून कागदाची पुडी काढली. पुडी आणली तशी होती, दोराही सोडलेला नव्हता.

विजयमालाने दोरा सोडला, एक गोळी तिच्या हातावर ठेवली आणि तांब्या उचलला.

"घेते की मागनं," बाळाबाई म्हणाली. "तू बस तर."

"मी हाय हितंच."

शाळेची घंटा झाली. लांबून पोरांचा गलका ऐकू येऊ लागला. बाळाबाईने गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला, तोंड वाकडे केले. तिचा गळा वरखाली होईपर्यंत विजयमाला तांब्या धरून तिच्यापुढे उभी राहिली.